सरकत्या भिंती

५ जानेवारी

साइटची डायरी वेगळी आहे. तिच्यात माल किती आला, कोण कामावर आलं, कोणी दांडी मारली हे लिहायचं. सर रोज संध्याकाळी ती वाचतात आणि खाली सही ठोकतात. ही वही सरांना दाखवायची नाही. मला कशाकशाची भीती वाटते ते हिच्यात लिहायचं.

आज सहाही मुलं राहायला आली. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा पहिला मजला. जाड भिंती, उंच छत, आणि मोठी म्हणावी अशी खिडकी एकच, स्वयंपाकघरातली. झोपायच्या खोल्या मी मुद्दाम लहान ठेवल्यात: पलंग, टेबल, कपाट, संपलं. बाकी सगळं सामायिक. मधे लांबच लांब हॉल, टोकाला स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर. आणि हॉल नि स्वयंपाकघराच्या मधे माझी सरकती भिंत. चार पल्ले, वरच्या रुळावर टांगलेले. ढकलले की हॉल मोठा, ओढले की लहान. थोड्या जागेत पुष्कळ घर, हे माझं सरांना आणि वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेला विकलेलं वाक्य. सहा मुलं चार महिने नीट राहिली तर संस्था एकशेवीस जणांची इमारत याच पद्धतीने बांधणार आहे. बावीस वर्षं सरांच्या ऑफिसात, त्यांच्या हाताखाली नकाशे काढल्यावर हे पहिलं काम फक्त माझ्या नावाने आहे.

सहांतली एक ताईची मुलगी, आमची ठमी. भूगर्भशास्त्र शिकते, दगडांशी बोलते, माणसांशी जरा कमी. ताई फोनवर म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवतेय. इमारतीच्या नाही हं, तुझ्या."

एकेक पल्ला एकशे चाळीस किलोचा आहे. खाली मुलं चहा पिणार, अभ्यास करणार, लोळणार. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून गेलेल्या नकाशावरून एका सभागृहाचं छत खाली आलं होतं. जेवणाची सुट्टी होती, खाली कोणी नव्हतं. तेव्हापासून डोक्यावर काहीतरी टांगलेलं आहे असं धरूनच मी चालते.

आज रूळ मोजला. बोल्ट सगळे घट्ट. तरी उद्या परत मोजणार.

८ जानेवारी

मुलांनी पहिली तक्रार केली, आणि तक्रार रास्त आहे. त्यांच्यातला सगळ्यात उंच मुलगा (ठमी त्याला उंट म्हणते, आता मीही) म्हणाला, "मॅडम, सकाळी आंघोळीची रांग स्वयंपाकघरातून जाते. एकजण पोहे करतोय आणि दुसरा टॉवेल गुंडाळून त्याच्या मागून. बरं दिसत नाही."

खरंच बरं दिसत नाही. मी तिथेच बसून नकाशावर तांबड्या पेन्सिलीने भिंतीला थांबायची तिसरी जागा काढली. भिंत तिथे आणली की न्हाणीघराचं दार हॉलच्या बाजूला येतं आणि स्वयंपाकघर पलीकडे राहतं. न्हाणीघराच्या दाराजवळचा गीझरही हॉलकडे आला, पण तो भिंतीवर उंच आहे, कोणाच्या डोक्याला लागणार नाही. सुतारकाकांनी दुपारभरात रूळ वाढवून दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बदलता येणारं घर म्हणजे हेच, नाही का? राहणाऱ्याने मागावं आणि घराने ऐकावं.

नकाशाची प्रत संस्थेच्या अध्यक्षांना पाठवली. तारीख, सही, सगळं.

वाढवलेल्या रुळाचीच आता जास्त भीती वाटते. जोड आहे तिथे.

१२ जानेवारी

घड्याळबाई (ही दुसरी मुलगी, पाच मिनिटं उशीर झाला तर रडकुंडीला येते) म्हणाली की भिंतीच्या फटीतून फोडणीचा वास आणि भांड्यांचा आवाज येतो, अभ्यास होत नाही. मी चारही पल्ल्यांच्या कडांना आणि खाली रबराच्या पट्ट्या लावून घेतल्या. आता भिंत बंद केली की कानात कापूस घातल्यासारखं शांत होतं.

सुतारकाकांना पसंत नाही. म्हणाले, "बाई, इतकं घट्ट कशाला करता? लाकडाला हवा लागते."

"काका, यात लाकूड नावालाच आहे. आत सगळी लोखंडी चौकट."

"मग लोखंडाला लागत असेल," असं म्हणून ते पट्ट्या कापू लागले. वाद घालण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

अध्यक्षांचा फोन आला. एवढ्याशा खर्चात एवढी सोय, फार छान म्हणाले. मी दिवसभर हवेत. संध्याकाळी रूळ मोजला तेव्हा जमिनीवर आले. अर्धा मिलिमीटर खाली झुकलाय. की मीच पट्टी वाकडी धरली?

१६ जानेवारी

थंडी हाडात शिरतेय. ठमी स्वेटरवर स्वेटर घालून हॉलमधे बसलेली, नाक लाल. "मावशी, वरच्या झरोक्यांतून बर्फ पडतो की काय असं वाटतं." एक्स्चेंजच्या काळचे आठ झरोके, छतालगत. यंत्रं तापायची म्हणून ठेवलेले. आता यंत्रं नाहीत. सुतारकाकांना सांगून प्लायने बंद करून घेतले, उन्हाळ्यात उघडू.

सकाळी दीड तास तिथे होते. बाहेर पडले तेव्हा डोकं ठणकत होतं. रात्रभर रुळाचे आकडे डोक्यात फिरल्यावर दुसरं काय होणार.

१७ जानेवारी

रूळ जसाच्या तसा. मी नाही.

२० जानेवारी

मुलांचं काहीतरी बिनसलंय. घड्याळबाई आज पहिल्या तासाला गेलीच नाही, साडेनऊला उठून म्हणते, "कळलंच नाही." उंट चिडका झालाय. ठमी नाश्त्याच्या टेबलावर हनुवटी टेकून बसली होती.

"बरं नाही का गं?"

"झोप येते नुसती. परीक्षा आली ना. सगळ्यांचीच डोकी दुखतात. उंट म्हणतो, तू रोज सकाळी पट्टी घेऊन येतेस त्यानेच दुखतात."

हसलो दोघी. मग ती म्हणाली, "मावशी, गीझरची ज्योत आधी निळी होती, आता पिवळी दिसते. छान दिसते, दिवा लावल्यासारखी." मी वर पाहिलं. माझं लक्ष ज्योतीच्या वरच्या रुळाकडे गेलं. तिथला बोल्ट मला तिरका वाटला. शिडी मागवून पाहिलं, तिरका नव्हता.

शिडीवर गरगरलं. मी आता शिडीलाही भ्यायला लागले.

सरांना सगळं सांगितलं नाही, फक्त रुळाचं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "तुझं गणित मी तीनदा तपासलंय. भीतीला इतकी ऐसपैस जागा देऊ नकोस, ती भाडं देत नाही."

२४ जानेवारी

आज मुद्दाम संध्याकाळी गेले. मुलं मजेत होती. भिंत पूर्ण उघडून सगळ्यांनी मिळून खिचडी केली होती, खिडकीत बसून गाणी. माझंही डोकं दुखलं नाही. म्हणजे हे सकाळचंच आहे. दिवस सुरू होताना माझा जीव घाबरा होतो. तरी सुतारकाकांना बुधवारी सकाळी नऊला बोलावलंय, सगळे बोल्ट एकदा कसून घ्यायला. ते म्हणाले, "चौथ्यांदा?" मी म्हटलं, "चौथ्यांदा."

२७ जानेवारी

आजचं आजच लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पावणेनऊला पोचले. घंटा वाजवली, कोणी आलं नाही. माझ्याकडे किल्ली होती. तिघं सातलाच कॉलेजला गेली होती हे मला माहीत होतं, पण उरलेली तिघं? हॉल गरम आणि दमट होता. भिंतींना ओल. न्हाणीघरात पाणी सुरू. भिंत तिसऱ्या जागेवर, घट्ट बंद. उंट टेबलावर डोकं ठेवून झोपलेला. मी हाक मारली. खांदा हलवला. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही.

घड्याळबाई तिच्या खोलीच्या दारात खाली बसलेली, अंगावर उलटी. म्हणत होती, "उशीर झाला, उशीर झाला."

मला वाटलं काही बाधलं असेल. मग वाटलं, ठमी कुठे आहे?

न्हाणीघराच्या दारावर दोन्ही मुठींनी मारलं. "ठमे! ठमे!" आत फक्त पाणी. माझ्या कानशिलात हातोडे पडत होते. हवा हवी, एवढं एकच सुचत होतं. खिडकी भिंतीच्या पलीकडे. तीन आठवडे ज्या पल्ल्यांखालून मी अंग चोरून जात होते त्यांना खांदा लावला. रबर चिकटलं होतं. मी आडवी होऊन ढकललं. वरून पडलं असतं तरी ढकललं असतं. पल्ले गेले, मी स्वयंपाकघरात पडले, उठले, खिडकी उघडली. थंड हवा तोंडावर थडकली आणि मी ओकले.

तेवढ्यात सुतारकाका. दारातूनच म्हणाले, "बाई, काय झालं?" मी बोट दाखवलं. साठीचा माणूस, दोन धडकांत दार कडीसकट आत. ठमी फरशीवर होती, वरून पाणी पडत होतं. काकांनी मान वळवली, अंगातला कोट काढून न बघता आत फेकला. "गुंडाळा. पाणी बंद करा. मी उचलतो."

पाणी बंद केलं तसा बाहेर गीझर फक्कन विझला. तो आवाज मी ऐकला. तेव्हाही कळलं नाही.

जिन्याच्या पायऱ्यांवर तिघांना आडवं केलं. ठमीचे गाल गुलाबी होते. मला वाटलं, गुलाबी आहे म्हणजे बरी आहे.

२८ जानेवारी

हॉस्पिटल. तिघांना ऑक्सिजन. मलाही दोन तास लावला होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरात गॅसचा गीझर आहे का? धूर बाहेर नेणारा पाइप आहे?"

"गीझर खिडकीजवळ आहे. म्हणून पाइप लावला नव्हता," मी म्हटलं. "खिडकी..."

मी बोटांवर मोजायला लागले.

खिडकी भिंतीच्या पलीकडे. भिंत मी मधे आणली. फटी मी बुजवल्या. झरोके मी बंद केले. नऊ दिवसांत, एकेक करून, स्वतःच्या हाताने, मुलांच्या सोयीसाठी, सही करून. कोंडलेल्या जागेत गीझर जळला की होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डॉक्टर सांगत होत्या. डोकं दुखतं, झोप येते, चक्कर येते, गाल गुलाबी होतात. माणसाला दुसरंच काहीतरी वाटत राहतं.

माझी मान सगळा वेळ वर होती.

उंट आणि घड्याळबाई शुद्धीवर आहेत. ठमी अजून नाही.

१ फेब्रुवारी

काल दुपारी ठमीने डोळे उघडले. आज बोलली. ताईला "आई" म्हणाली. माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "ही... ती... पट्टीवाली." मग स्वतःच रडायला लागली, कारण शब्द सापडत नाही हे तिला कळत होतं. डॉक्टर म्हणतात, येईल, बहुतेक येईल, काही आठवडे लक्ष ठेवावं लागेल. ते "बहुतेक" मी घरी घेऊन आले.

ताई चार दिवसांत माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आज बाहेरच्या बाकावर शेजारी येऊन बसली.

"तुझंही डोकं दुखत होतं म्हणे."

"हो."

"रोज?"

"तिथे गेले की."

"आणि तुला वाटलं काय?"

"वाटलं, मी घाबरलेय."

ताईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी काही फोडलं की बघायची तसं. "तू सगळ्यालाच घाबरतेस गं," ती म्हणाली, "म्हणून नेमकं कशाला घाबरायचं ते तुला कळत नाही." मग उठून आत गेली. माझा डबा मात्र बाकावर ठेवून गेली, आणि तो भरलेला होता.

५ फेब्रुवारी

संस्थेत बैठक. अध्यक्ष, सर आणि मी. सरांनी अहवाल टाइप करून आणला होता. मी वाचला. "विद्यार्थ्यांनी भिंतीची जागा परस्पर बदलल्यामुळे..."

"सर, हे खरं नाही."

"भिंत त्यांनीच ओढली होती ना?"

"ओढण्यासाठीच आहे ती. थांबायची जागा मी काढून दिली. आठ तारीख, माझी सही."

सर खालच्या आवाजात म्हणाले, "मी तुला वाचवतोय, वेडे."

"माहीत आहे. नका वाचवू."

अध्यक्षांना हे सगळं लांबण लागल्यासारखं वाटत होतं. म्हणाले, "जाऊ द्या, शब्द नंतर बघू. तोवर दुसरीकडच्या मुलींनाही सूचनेचं पत्र धाडलंय."

"दुसरीकडच्या?"

"आपलं मुलींचं वसतिगृह आहे ना, गोदामातलं. तुमचे नकाशे जसजसे येत गेले तसतसे मी तिकडे पाठवत गेलो. तिकडच्या कंत्राटदाराने तंतोतंत केलंय हो. रबरसुद्धा. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं."

तिथे बेचाळीस मुली राहतात.

तिथूनच रेक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पत्र काही आलेलं नाही, सगळं छान चाललंय, मुली खूश आहेत. गीझर बंद करा म्हटलं तर म्हणाल्या, "अहो, परीक्षा चालू आहेत, थंडी ही अशी, थंड पाण्याने आंघोळी करा म्हणून कसं सांगू? आणि तुम्ही कोण, तेही मला माहीत नाही. अध्यक्षांचं लेखी येऊ द्या." अध्यक्ष फोनवर बोलले, पण असे बोलले की ऐकणाऱ्याला वाटावं, घाई नाही.

बाहेर आल्यावर सरांनी अहवाल चार घड्या करून खिशात घातला. माझ्याकडे न बघता विचारलं, "गाडीने दोन तास. आजच्या आंघोळी झाल्या. उद्या सकाळी किती वाजता सुरू होत असतील?"

"सहा-साडेसहा."

"मग चारला तुझ्या दारात येतो."

६ फेब्रुवारी

धुकं होतं. सर अडुसष्टाव्या वर्षी गोगलगायीसारखी गाडी चालवतात आणि मी ओरडू शकत नव्हते. वाटेत तीनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. पोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं. गोदामाच्या सगळ्या खिडक्या बंद, काचांवर वाफ. मी गाडी थांबायच्या आत उतरले.

रेक्टरबाई हातात चहाचा कप घेऊन दारात. "कोण तुम्ही? थांबा, आत आंघोळी चालू आहेत!"

मी त्यांना बाजूला सारलं. आयुष्यात कोणाला असं सारलं नव्हतं. पहिला मजला: भिंत तिसऱ्या जागेवर. माझीच भिंत, माझंच रबर, माझ्यापेक्षा चांगलं बसवलेलं. गीझरची ज्योत पिवळी. गॅस बंद केला, पल्ले ढकलले, खिडकी उघडली आणि ओरडले, "बाहेर! सगळ्या बाहेर! आहात तशा!" आवाज माझा नव्हता. मुली पांघरुणं गुंडाळून, एकमेकींना धरून निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर दोघी टेबलाशी गाढ झोपलेल्या. एकीला सरांनी काखेत हात घालून उठवलं, तेच सर जे जिना चढताना दर मजल्याला थांबतात. तिसऱ्या मजल्यावर न्हाणीघराच्या दारावर मी मारत राहिले, आतून कडी काढल्याचा आवाज आला तेव्हाच खाली धावले.

पायऱ्यांवर मोजल्या. एकेचाळीस.

परत मोजल्या. एकेचाळीस.

मी जिन्याकडे पळाले, तर वरून एक मुलगी उतरत होती, टॉवेल, त्यावर कोट, केसांत साबणाचा फेस, आणि रागाने लाल. "काय चाललंय हे? माझ्या डोळ्यांत साबण गेलाय!"

बेचाळीस. मी तिचा हात धरला तो सोडवेना.

एक मुलगी म्हणाली, "सकाळी सगळ्यांचीच डोकी दुखतात मॅडम. आम्हाला वाटलं, परीक्षा." त्या झोपलेल्या दोघींना ओकारी झाली. त्यांना सर गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत परत आल्या, आपल्या पायांनी.

रेक्टरबाईंचा कप अजून हातातच होता. त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "आता तरी सांगा. तुम्ही आहात कोण?"

उरलेल्या चाळीस जणी बघत होत्या. मला वाटलं होतं, हे मी कागदावर लिहीन, सही करीन, पाकिटात घालीन. असं अनवाणी मुलींसमोर उभं राहून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

"ही भिंत मी आखली," मी म्हटलं. "गीझर कुठे आणि खिडकी कुठे, तेही मीच. चूक माझी आहे. माझी भाची याच चुकीने हॉस्पिटलात आहे, तिला अजून शब्द सापडत नाहीत."

थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ येत होती. चाळीस तोंडं, चाळीस वाफा. मी त्याही मोजल्या.

मग साबणवाली मुलगी डोळे चोळत म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. पण मी आता हे केस धुवू कशाने?"

मी स्वयंपाकघरात गेले, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून शेगडीवर पातेलं चढवलं, आणि पाणी तापेपर्यंत तिथेच उभी राहिले.